लग्नासाठी हाताने कार्डं करताय? आधी एवढंच सांभाळा

उत्साह छान आहे, फक्त सुरुवातीला एकच डिझाइन ठरवा. एक नमुना पूर्ण करा, घड्याळ लावून. एका कार्डाला वीस मिनिटं लागली तर साठ कार्डांना वीस तास लागतात, आणि हे गणित न केल्यानेच बहुतेकांची शेवटच्या आठवड्यात धांदल उडते.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) घ्या. ए४ मधून दोन ए५ तुकडे कापून ते मधोमध दुमडले की ए६ कार्ड होतं आणि सी६ पाकिटात नीट बसतं. पाकिटं आधी आणा, मग कापायला बसा.

घडी कधीही थेट घालू नका. कागद हलकेच वाकवून पाहा. ज्या दिशेला तो सहज वाकतो, तिला समांतर घडी ठेवा. पट्टी लावून बोथट टोकाने रेघ दाबा, मगच दुमडा. नाहीतर घडीवर कागद फाटल्यासारखा दिसतो.

नेहमीच्या चुका:
- पातळ डिंक: कागद फुगतो. दुहेरी चिकटपट्टी वापरा.
- मोजून तेवढाच कागद आणणं: दहा टक्के जास्त घ्या.
- जाड मणी, फुलं: पाकीट बंद होत नाही.

भेटवस्तूंसाठी उरलेल्याच कागदाच्या छोट्या डब्या आणि नावाच्या चिठ्ठ्या पुरेत. नावांची यादी मात्र दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.