मालवणला स्नॉर्केलिंगमध्ये हिरवा-निळा, पिवळ्या शेपटीचा मासा दिसला, माझ्या मागे मागे येत होता. तो पोपटमासा का?

नाही, वर्णनावरून तो थॅलासोमा या प्रजातीतला ‘मून रास’ (moon wrasse) मासा, म्हणजे थॅलासोमा ल्युनारे वाटतो. ओळख शेपटी आणि डोक्यावरून पटते: शेपटीच्या कडा लांब, मधोमध पिवळी चंद्रकोर, डोक्यावर गुलाबी पट्टे. पोपटमाशाचे दात एकत्र जुळून चोच झालेली असते. याचे दात सुटे, पुढचे सुळ्यांसारखे. छातीचे पर वल्ह्यासारखे मारत पोहणे ही मात्र खूण धरू नका, दोघेही तसेच पोहतात. शेवटी जवळचे नातेवाईकच ते. तुम्ही म्हणता तो मागे मागे येत होता, तेही जुळते. कोणी तळ ढवळला की उघडे पडलेले खेकडे-किडे टिपायला हा धीट मासा लगेच हजर होतो.

एक अडचण आहे. यांच्यात मादी पुढे नर होऊ शकते आणि वयानुसार रंग बदलतो. पिल्लाच्या शेपटीच्या बुडाशी व पाठीच्या पराच्या मधोमध काळा डाग असतो, चंद्रकोर नसते. म्हणून केवळ रंगावरून पैज लावू नका; तोंडाचा आणि शेपटीचा स्पष्ट फोटो असेल तर टाका.