जळगावहून आई-वडील आणि मुलांना घेऊन दिल्ली पाहायची आहे, चार-पाच दिवस कसे आखावेत?

प्रश्नात पुढे असंही विचारलंय की आग्रा, मथुरा आणि जमलं तर हरिद्वारही यातच बसवता येईल का. नाही येणार. म्हणजे कागदावर बसेल. आमच्या साडूभाऊंनी बसवून दाखवलं होतं, म्हणूनच एवढं लिहायला घेतलंय.

ते धुळ्याचे, मी भुसावळचा. करोनाच्या आधी एका नाताळच्या सुट्टीत त्यांनी तीन कुटुंबांची दिल्ली ठरवली. गणिताच्या वहीचं चौकटीचं पान, डावीकडे वेळ, उजवीकडे ठिकाण, मधेमधे पेन्सिलने 'चहा'. लाल किल्ला नऊ ते दहा, जामा मशीद दहा ते साडेदहा, राजघाट पावणेअकरा, जेवणाआधी कुतुबमिनार. कुतुबमिनार पार मेहरौलीला आहे, आणि तिथं पोचायला मधली आख्खी दिल्ली ओलांडावी लागते, हे त्या पानावर कुठेच नव्हतं. पानाच्या झेरॉक्स काढून घरटी एक वाटली होती.

पहिला दिवस सोमवार. मी भुसावळलाच म्हटलं होतं की सोमवारी लाल किल्ला बंद असतो. त्यावर उत्तर आलं, "किल्ला काय दुकान शे का, बंद ऱ्हावाले?" सगळे हसले. सोमवारी सकाळी कानटोप्या घालून आम्ही सगळे लाहोरी दरवाज्यासमोर रस्त्यावर उभे, आणि दरवाजा बंद. साडूभाऊ जराही हलले नाहीत. "झेंडा दिसस ना? मंग व्हयनं." फोटो काढला, कागदावर बरोबरची खूण केली, पुढे.

तर तुमच्यासाठी पहिलं काम: सोमवार कुठे पडतोय ते बघा. त्या दिवशी लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, तीन मूर्तीचं पंतप्रधान संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल सगळं बंद. कुतुबमिनार, हुमायूनची कबर, इंडिया गेट चालू असतं, ते सोमवारी टाका. ताजमहालाची सुट्टी शुक्रवारी. एवढं सांभाळलं तरी निम्मी सहल वाचते.

आणि लाल किल्ला बाहेरून बघून "झालं" म्हणणाऱ्या मराठी माणसाचं मला नवल वाटतं. शाहजहाननं तो १६४८ मध्ये पुरा केला, हे गाइड सांगतोच. पण दिवाण-ए-खाससमोर उभं राहिल्यावर आपल्याला दुसरंही आठवायला पाहिजे. १७३९ मध्ये नादिरशाहनं मयूरासन नेलं ते इथूनच. १७६० मध्ये, पानिपतच्या काही महिने आधी, सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेच्या खर्चाला पैसा नव्हता, म्हणून याच दालनाच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडली. पानिपतानंतर मराठे संपले असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी पुन्हा दिल्ली घेतली आणि अलाहाबादला बसलेल्या शाह आलमला परत आणून गादीवर बसवलं. मुलांना हे तिथे उभं करून सांगा. रस्त्यावरून झेंडा दाखवून सांगता येत नाही.

आता खरं भांडण.

माझे वडील, आप्पा, भुसावळला रेल्वेत फिटर होते. नोकरीची सुरुवातीची वर्षं इगतपुरीला काढली. दिल्लीचं नाव निघाल्यापासून त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. ताजमहाल नको, अक्षरधाम नको. कागदावर ते नव्हतं. मी साडूभाऊंना म्हटलं, अर्धा दिवस काढा. तर म्हणे, "रेल्वे काय भुसावयले कमी देखी का?" पुन्हा सगळे हसले. आप्पा पण हसले, पण नंतर त्यांनी विषय काढला नाही. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना हे विषय न काढणं कळतं.

सोमवार गेला, मंगळवारी कागदावर मथुरा-आग्रा एका दिवसात होतं. पहाटे पाचला सगळे टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसायला लागले तेव्हा मी सांगितलं, आम्ही दोघं येत नाही. बायको-मुलं गेली, मी आणि आप्पा राहिलो. साडूभाऊंचा चेहरा काय झाला असेल ते सांगत नाही. आजही कुठल्या लग्नात पंगत बसली की "याने ग्रुप फोडला" हे निघतंच.

आम्ही आरामात उठलो, पहाडगंजला चहा-पराठा घेतला. आप्पांनी आलूच्या पराठ्यावर घरून आणलेला ठेचा पसरून घेतला, कारण त्यांच्या मते दिल्लीत मिरची फक्त शोभेला असते. मग रिक्षानं चाणक्यपुरी.

आत आप्पा राजेरजवाड्यांच्या डब्यांपुढे फारसे थांबले नाहीत. १८७५ चा प्रिन्स ऑफ वेल्सचा सलून, म्हणजे खास डबा, पाहिला, पतियाळाची १९०७ ची मोनोरेल पाहिली. तिची गंमत म्हणजे गाडी एकाच रुळावर आणि तोल सांभाळायला बाजूचं मोठं चाक रस्त्यावर. तपासणीला आलेल्या साहेबासारखे हात मागे बांधून चालत होते. आणि मग एका इंजिनापुढे थांबले ते थांबलेच. जीआयपी रेल्वेचं, म्हणजे आताच्या मध्य रेल्वेच्या जुन्या कंपनीचं, डीसी विजेवरचं इंजिन, १९२० च्या दशकाच्या अखेरीस घाटासाठी आणलेलं, पाटीवर 'सर लेस्ली विल्सन'. मधे ड्रायव्हरची खोली, पुढे-मागे लांब नाकं, आणि विजेवर चालणारं असूनही चाकांना वाफेच्या इंजिनासारखे लोखंडी दांडे. रेल्वेतली माणसं त्याला खेकडा म्हणायची.

माझ्या वयाच्या खान्देशी माणसाला आठवत असेल, मुंबईला जाताना गाडी इगतपुरीला रेंगाळायची. अलीकडे एसी करंट, पलीकडे डीसी, दोन वेगळ्या तऱ्हेची वीज, म्हणून इंजिन बदलायचं. आपण तेवढ्यात फलाटावर उतरून वडे खायचो. त्या वड्यांच्या वेळात आप्पांसारखे लोक खाली काम करत असायचे. कसारा घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट, तिथे ही इंजिनं चालायची.

आप्पांनी काठी माझ्याकडे दिली, लोकरी हातमोजा काढला, वाकले आणि दांड्याच्या टोकाशी, जिथे तेल घालतात तिथे, बोट फिरवलं. बोट उजेडात धरून पाहिलं. कोरडं. "तेल नाही घातलं भो यांनी," म्हणाले, जसं काही ते दुपारी कल्याणहून मालगाडी घेऊन निघणार होतं. तेवढ्यात रखवालदार शिट्टी वाजवत आला, "बाबूजी, हाथ मत लगाइए." आप्पांनी खिशातून निवृत्तीनंतरचा रेल्वेचा पास काढून त्याच्या हातात दिला. त्यानं दोन्ही बाजूंनी वाचला आणि शिट्टी खिशात ठेवली. शाळेची सहल आली होती, त्यातली पोरं गोळा झाली. मग आप्पांनी भुसावळी हिंदीत दांडे कसे फिरतात, रेती का टाकतात, पावसात घाटात चाक घसरलं की आवाज कसा येतो, सगळं सांगितलं. रखवालदार शेवटपर्यंत ऐकत उभा होता. मी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ हलला आहे, पण आवाज स्वच्छ आहे.

मंडळी त्या रात्री फार उशिरा परतली. पहाटे धुकं, गाडी बैलाच्या चालीनं, मथुरेत रांग, आणि ताजमहालाच्या दाराशी पोचले तेव्हा दिवस मावळायला आलेला. तो सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच बंद होतो. माझ्या धाकट्याला विचारलं काय पाहिलं, तर म्हणाला, "पार्किंग." हे साडूभाऊ कुठल्याच पंगतीत सांगत नाहीत.

म्हणून माझं मत सरळ आहे. दिल्लीला जायचं तर दिल्लीलाच जा. 'पाच दिवसांत दिल्ली-आग्रा-मथुरा-हरिद्वार' म्हणणाऱ्या कुणालाही, नातेवाईक असला तरी, पैसे देऊ नका. दिवसाला दोन मोठ्या जागा, तिसरी जमली तर जमली. आणि एक पूर्ण दिवस आई-वडिलांना विचारून ठेवा, मग ते काहीही म्हणोत.

बाकीचं असं करता येईल. एक दिवस जुन्या दिल्लीचा: लाल किल्ला सकाळीच, मग जामा मशीद, चांदनी चौक. मेट्रोच्या व्हायोलेट लाइनवर लाल किल्ला आणि जामा मशीद अशी स्टेशनंच आहेत, गाडी करूच नका. एक दिवस दक्षिणेचा: कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर. कुतुबमिनारला पिवळ्या लाइननं जा, स्टेशनपासून पुढे रिक्षा लागते. लोहस्तंभ तिथेच आहे. हुमायूनच्या कबरीला संध्याकाळचं ऊन असताना जा, गर्दीही कमी वाटते. एक दिवस राष्ट्रपती भवन, तीन मूर्ती, संध्याकाळी इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक. राष्ट्रपती भवनाची नोंदणी ऑनलाइन आधीच करा आणि सगळ्यांची ओळखपत्रं बरोबर ठेवा. साडेतीनशेच्या आसपास खोल्यांचं हे घर बघताना आईला सांगा की २००७ ते २०१२ प्रतिभाताई पाटील इथे राहत होत्या, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या. आमच्या आईचा थकवा या एका वाक्यानं गेला होता.

अक्षरधाम मुलांना आवडतं, पण आत मोबाइल नेता येत नाही. आत गेल्यावर चुकामूक झाली तर फोन नसतो, भेटायची जागा दारातच ठरवून घ्या.

आग्रा करायचंच असेल तर दिल्लीहून जाऊन परत येऊ नका. आपल्याकडच्या पंजाब मेल, झेलम, गोवा एक्स्प्रेस या गाड्या आग्र्यावरूनच जातात. परतीचं तिकीट दिल्लीहून न काढता आग्रा कॅन्टहून काढा, एक मुक्काम तिथे करा, सकाळी ताज आणि मग किल्ला. १६६६ ची गोष्ट मुलांना पाठ असेलच, जागा दाखवा. साडूभाऊंना मी हेच सांगितलं होतं, त्यांना वाटलं मी रेल्वेवाल्याचा पोरगा म्हणून रेल्वेची वकिली करतोय.

जायला मुंबई-निजामुद्दीन राजधानी जळगावला थांबते, रात्री बसायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्ली. महाग आहे, पण म्हाताऱ्यांसाठी रात्र झोपेत जाते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, सुट्टीच्या दिवसांत पहिल्याच सकाळी बसा, तत्काळच्या भरवशावर आई-वडिलांना नेऊ नका. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत २०२० मध्ये बंद झाली, ती धरून हिशोब करू नका.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. नाताळ ते जानेवारीअखेर धुक्यानं गाड्या तासन्‌तास उशिरा येतात, आणि २६ जानेवारीच्या आधी संचलनाच्या तालमीमुळे इंडिया गेटच्या बाजूचे रस्ते बंद असतात. दिवाळीनंतरची हवा दमेकऱ्यानं टाळावी. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात बरा. मे महिन्याला सगळे घाबरवतात, पण जळगावच्या माणसाला उन्हाची ओळख करून द्यायची गरज नाही. आणि हो, तुमच्या वडिलांचा रेल्वेशी संबंध नसेल तर रेल्वे संग्रहालय ऐच्छिक समजा, मुलांसाठी तिथे छोटी आगगाडी आहे तेवढी पुरे. मोठा ग्रुप असेल आणि सगळे धडधाकट असतील तर साडूभाऊंची पद्धतही चालू शकते, असं माझी बायको हे वाचून म्हणाली. तिची बहीण आहे तिकडे, म्हणून.

राहायला नवी दिल्ली स्टेशनजवळ पहाडगंज स्वस्त पण कलकलाटाचं, कुटुंबासाठी करोल बाग बरं. फोनवर लिफ्ट आहे का ते विचारू नका, चालू आहे का ते विचारा. भाकरी-पिठल्याची आठवण आली तर कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन आहे.

खर्च किती येईल असंही विचारलंय. तो मला सांगता येणार नाही, कारण आमच्या सहलीचा हिशोब साडूभाऊंकडे आहे आणि त्यांनी अजून पूर्ण दाखवलेला नाही. एवढंच कळलंय की आग्र्याच्या टेम्पो ट्रॅव्हलरचं भाडं माझ्या आणि आप्पांच्या डोक्यावरही धरलंय.