सोलापुरात बोरीच्या फांदीवर दिसलेली चालती काडी हा खंडोबाचा किडा आहे का? तिचे वर्गीकरण आणि शरीररचना कशी असते?

आपण लिहिले आहे की, होटगी रस्त्याला आपल्या कुंपणालगतच्या बोरीवर श्रावणसरींनंतर एक हिरवट तपकिरी काडी चालताना दिसली. तिला चार पाय होते आणि डोक्याच्या पुढे दोन लांब, जाडसर मिशा होत्या. शेजाऱ्यांनी तिला खंडोबाचा किडा म्हटले, मुलाने नाकतोडा ठरवले आणि सासूबाईंनी ती विषारी असल्याचे सांगून कुणाला जवळ जाऊ दिले नाही. मी सोलापुरात बरीच वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आहे आणि हा प्रश्न दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतेच, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण पाहिलेला प्राणी काडीकिडा आहे. तो खंडोबाचा किडाही नाही आणि नाकतोडाही नाही. ज्यांना आपण मिशा समजलात, ते त्याचे पुढचे दोन पाय आहेत. विश्रांती घेताना हा किडा पुढचे पाय डोक्याच्या दोन्ही बाजूंनी सरळ पुढे ताणून एकमेकांना चिकटवतो, त्यामुळे काडीची लांबी आणखी वाढते आणि डोके कुठे संपले हे कळेनासे होते. या पायांच्या मांडीचा मुळाकडचा भाग आतल्या बाजूने किंचित वाकलेला असतो आणि त्या खाचेत डोके नेमके बसते. खरी शृंगिका, म्हणजे मिशी, सुतासारखी बारीक असते आणि बहुतेक वेळा त्या ताणलेल्या पायांच्या मधेच दडलेली असते. तेव्हा पाय चार नसून सहाच आहेत, कीटकाला असतात तेवढेच.

आता खंडोबाच्या किड्याशी असलेला फरक पाहू, कारण शरीररचना समजून घेण्याची खरी किल्ली तिथेच आहे. कीटकाच्या वक्षाचे तीन भाग असतात आणि प्रत्येक भागाला पायांची एक जोडी जोडलेली असते. खंडोबाच्या किड्यात पहिला भाग, म्हणजे अग्रवक्ष, लांबलेला असतो. आपण ज्याला त्याची मान म्हणतो, ती मान नसून हा अग्रवक्ष आहे, आणि भक्ष्य पकडण्याचे काटेरी पाय त्यालाच जोडलेले असतात. काडीकिड्यात याच्या अगदी उलट घडले आहे. त्याचा अग्रवक्ष आखूड असतो, पुढचे पाय डोक्याच्या लगेच मागून निघतात, आणि लांबी आलेली असते ती मध्यवक्षाला व पश्चवक्षाला. म्हणून पुढच्या पायांपासून मधल्या पायांपर्यंतचे अंतर नजरेने मोजावे. सडपातळ काडीकिड्यात तिथे लांबलचक, बिनपायाची दांडी दिसते. काडीसारखे दिसणारे खंडोबाचे किडेही असतात, त्यामुळे केवळ बारीकपणावरून निदान करू नये; पाय कोठून फुटले आहेत हे पाहावे. शिवाय खंडोबाचा किडा शिकारी आहे आणि काडीकिडा निव्वळ पानांवर जगतो, त्यामुळे त्याच्या पायांना झडप घालण्याजोगी घडीच नसते.

वक्षाच्या मागचा सांधाही पाहण्यासारखा आहे. जवळजवळ सर्व काडीकिड्यांमध्ये उदराचा पहिला खंड पश्चवक्षाच्या पाठीशी एकजीव झालेला असतो, त्यामुळे वक्ष कुठे संपून उदर कुठे सुरू होते हे शिकाऊ विद्यार्थ्याला हमखास चुकते. मागचे पाय कुठे जोडले आहेत हे पोटाकडून पाहिले की सीमा सापडते. उदराच्या टोकाला दोन आखूड, सांधे नसलेले उपांग असतात. नराच्या उदराच्या टोकाशी खालच्या बाजूला एक कठीण आकडा असतो. समागमाच्या वेळी मादीला धरून ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होतो. मादीच्या टोकाशी पन्हाळीसारखा एक पट्ट असतो आणि त्यात बाहेर पडणारे अंडे काही काळ टेकून राहते. काही जातींच्या माद्या अंडी मातीत खुपसतात, आणि त्यांच्यात हाच भाग चोचीसारखा टोकदार होतो.

पंखांच्या बाबतीत या गटात मोठी विविधता आहे. पुष्कळ जातींना पंखच नसतात, काहींमध्ये फक्त नर उडू शकतो, आणि ज्यांना पंख असतात त्यांच्यातही पुढची जोडी बहुधा छोट्या चामडी खवल्यांएवढीच उरलेली असते. मागच्या पंखाची कडेची पट्टी कडक व काडीच्या रंगाची असते आणि उरलेला पारदर्शक पडदा तिच्याखाली पंख्यासारखा घडी करून ठेवलेला असतो. हा पडदा काही जातींत भडक रंगाचा असतो आणि एकदम उघडला की समोरचा पक्षी दचकतो. २००३ मध्ये एका संशोधनात असे मांडले गेले की, या गटाच्या पूर्वजांचे पंख नाहीसे झाले आणि पुढे काही शाखांमध्ये ते पुन्हा उद्भवले. गमावलेला इतका गुंतागुंतीचा अवयव परत येऊ शकतो का, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. मला स्वतःला पंख वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळ्या वेळी नाहीसे झाले हे जास्त पटते, पण हे माझे मत आहे.

पाय तुटण्याविषयीही सांगतो, कारण मुले हा किडा पायाला धरूनच उचलतात. पायाच्या मुळाशी, मांडीच्या जोडाजवळ, एक ठरलेली कमकुवत रेषा असते. शत्रूने पाय पकडला की किडा तिथून पाय सोडून देतो आणि जखम लगेच बंद होते. वाढीच्या वयातल्या पिल्लाला पुढच्या एकदोन वेळा कात टाकताना नवा पाय येतो, पण तो पहिल्यापेक्षा आखूड असतो. पूर्ण वाढलेला किडा पुन्हा कात टाकत नाही, त्यामुळे त्याचा पाय गेला तो गेलाच. पावलाच्या टोकाला दोन नख्यांमध्ये एक चिकट गादी असते आणि पावलाच्या तळव्याला निराळ्या, घर्षण वाढवणाऱ्या लहान गाद्या असतात. गुळगुळीत पानावर उलटे लटकताना पहिली कामी येते, तर वजन पेलताना दुसऱ्या.

सासूबाईंच्या शंकेचे उत्तर असे की, या किड्याला नांगी नाही आणि दंशाचे विषही नाही. मात्र अग्रवक्षात, डोक्याच्या मागे, संरक्षक ग्रंथींची एक जोडी असते; ती या संपूर्ण गटाची खूण मानली जाते. बहुतेक जातींमध्ये तिचा माणसाला उपद्रव होत नाही. परंतु अमेरिकेच्या आग्नेय भागात आढळणारी अॅनिसोमॉर्फा ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) या ग्रंथींतून तिखट द्रव नेम धरून फवारते, आणि तो डोळ्यांत गेल्यास तीव्र जळजळ होते. आपल्या बोरीवरील किड्याला हात लावायला हरकत नाही. फक्त तो हात लगेच डोळ्यांना लावू नये, एवढी काळजी पुरे.

वर्गीकरणात काडीकिड्यांचा स्वतंत्र गण आहे आणि त्याला फॅस्मॅटोडिया म्हणतात. ग्रीक भाषेत फॅस्मा म्हणजे भास किंवा भूत, आणि फांदीवरची काडी अचानक चालू लागलेली ज्याने पाहिली आहे, त्याला या नावाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. या गणात ३,००० हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुसंख्य उष्ण कटिबंधात राहतात आणि आग्नेय आशियातील दमट अरण्ये हे त्यांचे सर्वांत समृद्ध ठिकाण आहे. आपल्या कोरड्या माळरानाच्या जिल्ह्यात ते मोजकेच भेटतात आणि तेही पावसाने पालवी धरली की. माझ्या पाहण्यात ते बोर, बाभूळ आणि घाणेरीवर आले आहेत.

आपल्या मुलाने नाकतोडा म्हटले याचे त्याला वाईट वाटू देऊ नका, कारण लिनियसनेही १७५८ मध्ये काडीकिडा आणि याच गणातला, पानासारखा दिसणारा पर्णकीटक या दोघांना नाकतोडे व रातकिड्यांच्याच प्रजातीत, ग्रिलसमध्ये, घातले होते. आज असे मानले जाते की, काडीकिड्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक पुढच्या पायांतून रेशीम काढून त्याच्या बोगद्यांत राहणारे लहानसे कीटक आहेत, ज्यांचा गण एम्बिऑप्टेरा होय. खंडोबाचा किडा तर झुरळे आणि वाळवी यांच्या कुळीतला आहे.

गणाच्या आत पहिली मोठी फूट टिमेमा या उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील प्रजातीची आहे. तिच्यात जेमतेम वीसेक जाती असून पावलाला तीन सांधे असतात आणि उदराचा पहिला खंड मोकळा असतो. उरलेल्या सर्वांच्या पावलाला पाच सांधे असतात. ही फूट निर्विवाद आहे. भांडण आहे ते या उरलेल्यांची विभागणी कशी करायची याचे. ब्रुनर फॉन वाटेनविल आणि रेडटेनबाखर यांच्या १९०६ ते १९०८ या काळातल्या ग्रंथात नडगीच्या टोकाला खालच्या बाजूस असणारी एक लहानशी त्रिकोणी जागा आधाराला घेतली गेली. ती जागा ज्यांना आहे ते एका बाजूला आणि ज्यांना नाही ते दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी होऊन पुढे जवळजवळ शतकभर तीच शिकवली गेली. मीही तीच शिकलो आणि काही वर्षे तीच शिकवली. डीएनएच्या अभ्यासांतून आता दिसते की, ती जागा निरनिराळ्या शाखांमध्ये स्वतंत्रपणे बदलत गेली आहे, त्यामुळे तिच्यावरून नाते ठरवता येत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने बहुतेक काडीकिड्यांची विभागणी भूगोलाशी जुळणाऱ्या दोन शाखांत केली: एक जुन्या जगाची, म्हणजे आशिया, आफ्रिका, युरोप व ऑस्ट्रेलियाची, आणि दुसरी अमेरिका खंडांची. आपली बोरीवरची काडी अर्थातच पहिल्या शाखेतली.

दिसण्यावर विसंबले की कशी फसगत होते, याची दोन उदाहरणे मला फार आवडतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील लॉर्ड हाव बेटावर ड्रायोकोसेलस हा जाड, काळा, बिनपंखांचा किडा होता. १९१८ मध्ये बेटावर अडकलेल्या जहाजातून उंदीर उतरले आणि तो संपला असे सर्वांनी मानले; २००१ मध्ये मात्र जवळच्या बॉल्स पिरॅमिड या समुद्रातल्या सुळक्यावर एका झुडपाखाली तो जिवंत सापडला. न्यू गिनीतील युरिकँथा दिसायला हुबेहूब तसाच असल्याने दोघे सख्खे मानले जात होते, पण २००९ मध्ये असे सिद्ध झाले की दोन्ही शाखांनी जमिनीलगतच्या राहणीला अनुसरून तो देह वेगवेगळा कमावला आहे.

दुसरे उदाहरण नर आणि मादी यांचे. पापुआ न्यू गिनीतून आलेल्या पर्णकीटकाच्या अंड्यांतून माँट्रियलच्या कीटकसंग्रहालयात पिल्ले निघाली आणि ती वाढल्यावर उलगडा झाला की, १९०६ पासून केवळ नरांवरून ओळखली जाणारी नॅनोफिलियम ही सडपातळ प्रजाती आणि फिलियम असेकिएन्स या नावाने ओळखली जाणारी रुंद मादी एकाच प्रकारच्या किड्याची दोन रूपे आहेत. ही माहिती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ती वाचून मला हसू आले, कारण मीही एकदा बारीक तपकिरी नमुना आणि जाड हिरवा नमुना एकाच झुडपावरून आणून दोन निराळ्या जातींची चिठ्ठी लावून ट्रेमध्ये ठेवले होते, आणि उदराची टोके भिंगाखाली पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीने ती चूक दाखवली.

म्हणूनच अभ्यासक अंड्यांना फार महत्त्व देतात. काडीकिड्याचे अंडे हुबेहूब बीसारखे दिसते. त्याला कठीण कवच, एका टोकाला झाकण आणि कडेला ठशासारखी एक पट्टी असते. कवचाची नक्षी आणि पट्टीचा आकार प्रजातीनुसार बदलतो. काही जातींत झाकणावर मेदयुक्त गाठ असते. मुंग्या त्या गाठीसाठी अंडे वारुळात नेतात, गाठ खातात आणि अंडे तसेच सोडतात. ऑस्ट्रेलियाच्या एक्स्टाटोसोमा या काडीकिड्याचे नुकतेच जन्मलेले पिल्लू लाल डोक्याचे, काळ्या अंगाचे आणि मुंगीसारखे धावणारे असते.

भारतीय काडीकिड्यांपैकी जगभर प्रसिद्ध झालेला एकच, कॅरॉसियस मोरोसस. तमिळनाडूतील पळणी डोंगरातल्या शेंबगनूरहून नेलेल्या नमुन्यांवरून सिनेटी या जेझुइट पाद्र्याने १९०१ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या माद्या नराशिवाय, अनिषेकजननाने, शेकडो अंडी घालतात, त्यामुळे युरोपातल्या प्रयोगशाळांनी आणि शाळांनी तो बरणीत पाळणे सोपे झाले. त्याच्या त्वचेतील रंगकण दिवसा व रात्री जागा बदलतात आणि तो रात्री गडद होतो. एवढा परिचित किडा असूनही त्याचे कुल पुस्तकागणिक वेगळे सापडते. अलीकडे त्याला लोंकोडिडी या कुलात ठेवतात. जुन्या पुस्तकात दुसरे नाव दिसले तर गोंधळून जाऊ नये.

आपल्या फोटोवरून मी गणापर्यंतच सांगू शकतो, कारण तो वरून आणि दुरून काढलेला आहे. किडा बोरीवरच असू द्या आणि संध्याकाळनंतर, तो चरायला हलू लागला की, तीन फोटो काढा: एक बाजूने, मधल्या पायांचा जोड दिसेल असा, एक शृंगिकेचा, कारण ती पुढच्या मांडीपेक्षा आखूड की लांब हे महत्त्वाचे असते, आणि एक उदराच्या टोकाचा, खालच्या बाजूने. बोरीखाली जुने वर्तमानपत्र अंथरून ठेवले आणि सकाळी त्यावर झाकण असलेली बारीक बी सापडली, तर तिचाही भिंगातून काढलेला फोटो जोडा.