आधी अक्षरं वाच, मग बिल्ला घे

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

बिल्ल्याचा फोटो मिळाला. चष्म्याने जमेना म्हणून शेजारच्या मुलाकडून मोठा करून घेतला. ओसरच्या बाजारातला विक्रेता "सेकुरिताते, पन्नासच्या दशकातला, अस्सल" म्हणतो, म्हणजे कम्युनिस्ट काळातल्या रुमेनियाच्या गुप्त पोलिसांचा, आणि तू पैसे मोजण्याआधी मला विचारलंस, हे फार बरं केलंस. मी तुझ्या वयात विचारलं नव्हतं.

क्लुजला डॉक्टर व्हायला गेलेल्या मुलीला हा नाद लागेल असं घरी कुणाला वाटलं नसेल. मला तरी कुठे वाटलं होतं? आमचं जहाज तिथल्या कॉन्स्टान्त्सा बंदराला लागलं, माल भरायला चार दिवस होते, इंजिन रूममधून वर आलो आणि बाजारात जुन्या टोप्या, पट्टे, बिल्ले मांडलेले दिसले. डिसेंबर 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली, देशाच्या नावातला 'समाजवादी' शब्द गेला, राजचिन्ह गेलं. गोदामंच्या गोदामं भरून गणवेशाचं सामान एका महिन्यात निरुपयोगी झालं. तेच पुढे वर्षानुवर्षं फुटपाथवर येत राहिलं. म्हणून साधा टोपीवरचा बिल्ला आजही फार महाग नसतो. महाग असतो तो 'सेकुरिताते' हा शब्द, आणि खोटेपणा नेमका तिथेच शिरतो.

माझी पहिली खरेदी ऐक. लाल-निळ्या मीनाकामाचा, वजनदार, मागे स्क्रू असलेला बिल्ला. दोन दिवसांचा भत्ता त्यात गेला. संध्याकाळी आमच्या जहाजावर येणाऱ्या एका रुमेनियन माणसाला कौतुकाने दाखवला. त्याने मागची बाजू पाहिलीसुद्धा नाही. एका शब्दावर बोट ठेवलं आणि हसायला लागला. म्हणाला, हे स्पेलिंग माझी मुलगी शाळेत शिकते, मी नाही शिकलो.

झालं असं की रुमेनियन भाषेत एकाच उच्चाराला दोन अक्षरं आहेत: टोपी घातलेला ए (â) आणि टोपी घातलेला आय (î). 1953 च्या सुधारणेने टोपीवाला ए काढून टाकला, सगळीकडे आय आला, अगदी देशाच्या नावातसुद्धा. 1964-65 च्या सुमारास फक्त 'रोमानिया' आणि त्या कुळातल्या शब्दांना ए परत मिळाला. बाकीच्या शब्दांत तो परतला थेट 1993 मध्ये, अकादमीच्या निर्णयाने. आपल्याकडे 1962 च्या नियमांनंतर 'नाहीं'वरचा अनुस्वार गेला ना, तसंच समज. कुणी 1930 चं म्हणून पत्र दाखवलं आणि त्यात एकही जुना अनुस्वार नसला, तर तुझ्या आजोबांनी ते हातात घेऊन लगेच परत दिलं असतं. त्याच नजरेने बिल्ला वाचायचा. सत्तरच्या दशकातला म्हणून दिलेल्या वस्तूवर 'तिर्गोविश्ते' हे गावाचं नाव टोपीवाल्या एने लिहिलेलं असेल, तर ती 1993 नंतर कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये जन्मलेली आहे. नकली माल करणाऱ्याला मीनाकाम जमतं, गंज चढवता येतो, पण हात शाळेत शिकलेलंच लिहितो.

दुसरी खूण राजचिन्हाची. डोंगर, जंगल, तेलविहीर, उगवता सूर्य आणि भोवती गव्हाच्या लोंब्या, हे कायम. वरचा लाल तारा मात्र 1952 मध्ये आला. 1965 पर्यंत फितीवर फक्त आर.पी.आर., म्हणजे 'रुमेनियन जनता प्रजासत्ताक', ही तीन अक्षरं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये नवी राज्यघटना आली आणि फितीवर 'रेपुब्लिका सोचियालिस्ता रोमानिया' असं पूर्ण नाव बसलं. आता तुझा फोटो पुन्हा बघ. फीत लांब आहे, तीन अक्षरांची नाही. म्हणजे पन्नासचं दशक निकालात निघालं. वस्तू तरीही खरी असू शकते बरं का. विक्रेते वीस वर्षं सहज वाढवतात, त्यात नवल नाही.

कार्यालयाचं नावही तपासत जा. ही संस्था 30 ऑगस्ट 1948 च्या हुकुमाने जन्मली तेव्हा 'जनतेच्या सुरक्षेचं महासंचालनालय' होती. पहिला प्रमुख गेओर्गे पिंतिलिये. 1951 मध्ये 'जनता' जाऊन 'राज्य' आलं, पुढे परिषद झाली, 1972 मध्ये ती परिषद गृहखात्यात विलीन झाली, आणि 1978 मध्ये याच संस्थेतला जनरल पाचेपा अमेरिकेला फितूर झाल्यावर पुन्हा उलथापालथ. नाव आणि राजचिन्ह एकमेकांच्या काळात बसत नसेल तर पुढे निघायचं.

आणि एक लक्षात घे. साध्या कपड्यात वावरणारा अधिकारी छातीवर 'सेकुरिताते' असा फलक लावून फिरत नव्हता. लोक त्यांना दबक्या आवाजात 'निळ्या डोळ्यांची पोरं' म्हणत. बाजारात जे खरं मिळतं ते बहुतेक सेकुरिताते दलांचं: निळ्या कॉलरपट्ट्या, निळी किनार. त्या दलांत सक्तीच्या लष्करी सेवेवर आलेली एकोणीस-वीस वर्षांची खेड्यातली पोरंही होती. तेव्हा निळी पट्टी हातात घेऊन "हा छळ करणाऱ्याचा" असं लेबल लावू नकोस. "हा बिचारा शिपाईगडी" असंही नको. जेवढं कळलं तेवढंच लिही: कुठे घेतलं, केव्हा, किती लेई (तिथलं चलन) दिले, विकणारा काय म्हणाला. पेन्सिलने, वेगळ्या वहीत. चिंच-मीठ लावून चकाकवायचं नाही, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवायचं नाही, धातूवर हिरवा चिकटा धरतो. सांभाळण्याबद्दल एवढंच.

कागदाबद्दल मात्र मी कडक आहे. ओळखपत्र, फाईलचं पान, खबऱ्याचा अहवाल, कितीही स्वस्त मिळो, घ्यायचं नाही. खबऱ्याला तिथे 'तुर्नातोर' म्हणतात, शब्दशः ओतणारा. शेजाऱ्याने शेजाऱ्याबद्दल, भावाने भावाबद्दल ओतलेलं त्या पानांत असतं, आणि ज्याच्याबद्दल ओतलं तो किंवा त्याची मुलं तुझ्याच वसतिगृहासमोर राहत असतील. 1991 मध्ये बेरेवोयेश्तच्या जंगलात सेकुरितातेची अर्धवट जाळून पुरलेली कागदपत्रं सापडली होती, त्यावरून कळतं की ती नाहीशी करायची घाई किती होती. 1999 च्या कायद्याने फायली सांभाळायला आणि ज्याच्या त्याला दाखवायला सीएनएसएएस ही संस्था केली. वीस किलोमीटरहून लांब रांग आहे त्या फायलींची. कागद दिसला तर तिथे कळव.

कोटावर लावून मिरवायचं नाही हेही सांगायला हवं, कारण मी मिरवलंय. बुखारेस्टच्या बसमध्ये, जॅकेटवर टोपीचा बिल्ला. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी तो पाहिला, काही बोलल्या नाहीत, पिशवी उचलली आणि उभ्या राहिल्या. पुढचे सहा थांबे बाजूची सीट रिकामी आणि त्या दांड्याला धरून उभ्या. मी त्यांना बसा म्हणण्याइतकी भाषासुद्धा मला येत नव्हती.

तुझ्याकडून गेर्ला तासाभरावर आहे. राजकीय कैद्यांना जिथे डांबायचे तो तिथला जुना तुरुंग आजही चालू आहे, बाहेरून बघ. परीक्षा संपल्यावर सिगेतला जा, तिथल्या तुरुंगाचं स्मारक झालंय. यूलिउ मानिउ, एकेकाळचे पंतप्रधान, ऐंशीच्या घरातला माणूस, 1953 च्या फेब्रुवारीत त्या इमारतीत वारले. त्यांना कुठे पुरलं ते घरच्यांना कळू दिलं नाही. दिवसभर तिथे काढ. त्यानंतरही बिल्ले गोळा करावेसे वाटले तर मी माझी वही तुला पाठवतो, बत्तीस वर्षांची आहे.

तोवर ओसरला परत जाशील तेव्हा खिशात भिंग ने. बिल्ल्याच्या खालच्या ओळीत 'व्यवस्था' या अर्थाचा लांब शब्द आहे, ओ आणि आर नंतरचं अक्षर फोटोत फुगलंय. टोपी आहे हे मला दिसतं. टोपीखाली ए आहे की आय, तेवढं बघून कळव. ए असेल तर विक्रेत्याशी वाद घालू नकोस, त्याला म्हण पुढच्या वेळी येते.

तुझा,
काका