छोट्या गावात औषधांचं दुकान चालवून नगराध्यक्ष झालेल्या माणसाचं खरं उदाहरण आहे का? दोन्ही कसं निभावलं?

आहे. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या डोलंडचे ह्यूबर्ट हम्फ्री (थोरले). त्यांचा त्याच नावाचा मुलगा १९६५ ते १९६९ अमेरिकेचा उपाध्यक्ष होता, म्हणून या दुकानाचा तपशील टिकून राहिला.

थोरले हम्फ्री परवानाधारक फार्मासिस्ट. डोलंडमध्ये ते नगर परिषदेचे सदस्य आणि नगराध्यक्षही झाले. गाव रिपब्लिकन पक्षाचं आणि हा माणूस विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचा कट्टर समर्थक, तरी गिऱ्हाईक तुटलं नाही. राजकारणावर वाद घालायला लोक त्यांच्याच दुकानात जमत. गावाच्या मालकीचं वीजकेंद्र खासगी कंपनीला विकायचं ठरू लागलं, तेव्हा परिषदेत त्यांनी जोरदार विरोध केला. माझ्या लेखी नगराध्यक्षपदापेक्षा ही लढाई मोठी.

पदामुळे दुकानावरचं संकट मात्र टळलं नाही. शेतकरी गावातल्या दुकानदाराचं गणित पिकावर असतं: औषध आज न्यायचं, पैसे माल विकल्यावर. घाऊक व्यापारी तेवढा थांबत नाही, मधली तूट बँक भरून काढते. १९२०च्या दशकात शेतमालाचे भाव पडले आणि डोलंडच्या दोन्ही बँका बुडाल्या. ठेवींना केंद्र सरकारचा विमा १९३३च्या कायद्यानंतर आला, त्यामुळे तोवर बुडालेल्या बँकेतल्या पैशांना केंद्राची हमी नव्हती. देणी भागवायला हम्फ्रींनी राहतं घर विकलं, दुकान नाही. १९३१मध्ये ते त्याहून मोठ्या ह्युरॉन शहरात गेले.

मुलाने डेन्व्हरला दोन वर्षांचा फार्मसीचा अभ्यासक्रम सहा महिन्यांत पुरा केला आणि ह्युरॉनचं दुकान सांभाळलं. दुकानावर लाकडी डुक्कर टांगलेलं, म्हणजे इथे जनावरांचंही औषध मिळतं हे शेतकऱ्याला लांबूनच कळावं. तळघरात मुलगा औषधं घोटायचा, वडील गावोगाव फिरून विकायचे. डुकरांसाठी 'बीटीव्ही', म्हणजे खनिजांचं पूरक खाद्य आणि जंतनाशक एकत्र. माणसांसाठी छातीला लावायचं तेल आणि 'स्निफल्स' हे नाकात घालायचे थेंब. कुटुंबाच्या मिळकतीचा महत्त्वाचा भाग यातून येई. राजकारणही सुटलं नाही: वडील काही काळ राज्याच्या विधिमंडळात होते, १९४४ आणि १९४८च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनांना प्रतिनिधी म्हणून गेले.

'स्निफल्स'चं सूत्र फार्मसीवाल्यांनी जरूर बघावं. त्या वेळच्या नामांकित थेंबांत खनिज तेल असे, ते अंगात शोषलं जात नाही. हम्फ्रींनी वनस्पती तेल घेतलं आणि त्यात बेन्झोकेन हे जागा बधिर करणारं औषध मिसळलं, म्हणजे सर्दी बरी झाली नाही तरी त्रास कमी जाणवे. आज असं काही घरी करू नका. नाकात घातलेलं तेल श्वासावाटे फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. बेन्झोकेनमुळे, विशेषतः दोन वर्षांखालच्या मुलांत, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते.