उत्तर : गोळ्या कायमच्या बंद करणारी ‘पेशींची थेरपी’ खरी का खोटी?

ताई, तुमचा प्रश्न कालच वाचला होता पण उभ्या उभ्या दोन ओळी टाकून भागणारं नव्हतं म्हणून आज निवांत लिहायलोय. भावाला आईची किडनी बसवून सात महिने झालेत, क्रिएटिनिन (किडनी किती नीट चालते ते सांगणारी रक्ततपासणी) १.३ आहे, आणि पाव्हण्यातल्या कुणीतरी व्हिडिओ पाठवला की आता पेशींची थेरपी आलीय, एकदा सलाईनमधून सोडली की जन्माच्या गोळ्या बंद. वर एक एजंट भेटला, तो सहा लाखात करून देतो म्हणतोय, अन् तुम्ही विचारलंय की माजलगावकडचं दीड एकर रान काढावं का. रान काढू नका, चालू गोळ्या बंद किंवा कमी करू नका. आता कामून ते सांगतो.

मी परभणीचा, डॉक्टर नाही, पण वडिलांची किडनी घेऊन अकरावं वर्ष चालू आहे त्यामुळं या विषयावरचं जे दिसेल ते वाचत असतो. व्हिडिओतलं मूळ सायन्स खरं आहे. आपल्या रक्तातल्या टी पेशींचं काम म्हणजे परकं दिसलं की तुटून पडणं, आणि आईची किडनी असली तरी ती निम्मीच जुळते, त्यामुळं त्यांच्या लेखी ती परकीच. म्हणून त्यांना दाबून ठेवायला जन्मभर गोळ्या लागतात. पण या टी पेशींमधीच थोड्या, म्हणजे त्यांच्यातल्याच सीडी४ नावाच्या जातीतल्या शंभरात पाच-दहा, अशा असतात की ज्या भांडण सोडवतात. लग्नात मानपानावरून दोन पार्ट्या भिडल्या की एखादा मामा मधी पडून ‘बस करा रे, आपलेच पाव्हणे हैत’ म्हणतो ना, तसल्या. त्यांना रेग्युलेटरी टी सेल, थोडक्यात टी-रेग म्हणतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या, २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ नावाचा जीन पकडला, ज्याच्यावर या पेशींचं सगळं चालतं, आणि तिघांना २०२५ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं.

थेरपी म्हणजे काय तर पेशंटचंच रक्त काढायचं, त्यातून टी-रेग वेगळ्या करायच्या, लॅबमधी दोन-तीन आठवडे वाढवून कोट्यवधी करायच्या आणि परत शिरेतून सोडायच्या. ऐकायला विरजण लावल्यासारखं वाटतं पण तेवढं सोपं नाही, कारण वाढवताना त्यात एखादी भांडखोर पेशी राहिली तर तीही वाढणार, आणि काही टी-रेग पुढं जाऊन आपला गुण सोडतात. मग मामाच कुऱ्हाड घेऊन उभा!

आता निकाल. २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात वन स्टडी नावाचा युरोप-अमेरिकेतला मोठा अभ्यास छापून आला, जिवंत डोनरच्या किडनीवरचाच, म्हणजे तुमच्या भावासारखे पेशंट. ३८ जणांना टी-रेग किंवा तसल्याच शांत करणाऱ्या दुसऱ्या पेशी दिल्या. रिजेक्शन, म्हणजे शरीरानं किडनी नाकारणं, नेहमीच्या औषधवाल्यांइतकंच राहिलं, व्हायरल इन्फेक्शन कमी झाले आणि १५ जण एकट्या टॅक्रोलिमसवर, म्हणजे रिजेक्शन रोखणाऱ्या मुख्य गोळीवर, आले. नीट वाचा, एका औषधावर आले, शून्यावर नाही. आणि त्या पेशी ऑपरेशनच्या आसपासच दिल्या होत्या. गोळ्या शून्यावर आलेले पेशंटही आहेत, २०१६ चे जपानमधल्या होक्काइडोचे, दहापैकी सात, पण ते लिव्हरचे पेशंट आणि लिव्हर मुळातच किडनीपेक्षा समजूतदार अवयव आहे. उरलेल्या तिघांना गोळ्या कमी करताना किंवा बंद केल्यावर रिजेक्शन आलंच.

अजून एक घोळ तो एजंट करायलाय असं वाटतं. २०२३ मध्ये आपल्याकडं नेक्सकार१९ मंजूर झाली, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची, ती कॅन्सरची, तिच्यातल्या पेशी मारणाऱ्या. किडनीसाठी जीन बसवलेल्या टी-रेग परदेशात फक्त ट्रायलमधी, म्हणजे माणसांवरच्या चाचणीत, दिल्या गेल्यात, त्या शांत करणाऱ्या. ‘भारतात परवानगी आहे’ म्हणून तो जो कागद दाखवील तो बहुतेक नेक्सकार१९ चा असणार.

एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत नाहीच. टी-रेगला जगायला आयएल-२ नावाचं रसायन लागतं आणि आपली टॅक्रोलिमस नेमकं तेच कमी करते. म्हणजे जी गोळी किडनी वाचवते तीच या शांत पेशींना उपाशी ठेवते. सिरोलिमस नावाची दुसरी गोळी त्यांना उलीशी बरी मानवते, पण म्हणून डॉक्टरकडं गोळी बदलून मागू नका, ते गणित लै बाबींवर असतं.

माझं सांगतो. चौथ्या वर्षी मला पण वाटायला लागलं होतं की आता किडनी रुळली. रात्रीची गोळी अधूनमधून राहायची, गोळीनं हाताला कंप सुटायचा, बशीतला चहा सांडायचा, म्हणून मुद्दामही टाळायचो. मग चुलतभावाच्या लग्नाला अंबाजोगाईला गेलतो आणि गोळ्यांची पिशवी घरीच, दोन दिवस तसेच काढले. पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन १.२ चं २.३. बायोप्सी (किडनीचा तुकडा काढून तपासणी), तीन दिवस स्टिरॉइडची सलाईन, आणि नंतर जे १.६ वर थांबलं ते आजतागायत १.६ च आहे. वडील काही बोलले नाहीत. नुसते उशाशी बसून होते, तेच लै लागलं.

एजंटला दोनच गोष्टी विचारा, ट्रायलचा सीटीआरआय (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर काय आणि एथिक्स कमिटीचा कागद कुठाय. नंबर वेबसाइटवर फुकट तपासता येतो. खऱ्या ट्रायलमधी संशोधनाच्या गोष्टीचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, उलट इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांच्याकडं असते. सहा लाख मागितले म्हणजे ती ट्रायल नाही, झालं. तरी मन मानत नसेल तर व्हिडिओ नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरला, दाखवा, लाजू नका, ते रोजच असले व्हिडिओ बघत असतील.

बाकी आता उन्हाळा तोंडावर आहे, टँकरचं पाणी असेल तर भावाला उकळून गार केलेलंच द्या आणि किती लिटर ते डॉक्टरला विचारून ठरवा, कमी पाण्यानं पण क्रिएटिनिन वर जातं आणि उगीच घाबरगुंडी उडते.

शेवटची टॅक लेव्हल, म्हणजे रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी, किती आली होती ते टाका इथं, तारखेसकट. आणि सॅम्पल सकाळची गोळी घ्यायच्या आधी दिलं होतं का नंतर?