सांगलीत दोन रात्री कमी खर्चात राहायचंय, हलाल जेवण हवंय, कुठे उतरावं?

दोन रात्रींसाठी सांगलीऐवजी मिरजेत उतरा. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, दिवसभर एसटी आणि शहर बस मिळते. मिरजेला दवाखाने भरपूर, त्यामुळे पेशंटच्या नातेवाइकांसाठी साधे, स्वस्त लॉज खूप आहेत. आम्ही मिरजेचेच, पाहुण्यांना तिथेच उतरवतो.

‘हलाल हॉटेल’ अशी पाटी शोधत बसू नका. आपल्याकडे लॉज वेगळा आणि खानावळ वेगळी, म्हणून दोन्हींची चौकशी वेगवेगळी करा. लॉज घेताना एकच बघा: खाली परमिट रूम नको. बायका-मुलं बरोबर असतील तर हे फारच महत्त्वाचं, आणि रात्रीचा गोंगाटही टळतो. पैसे देण्याआधी खोली आणि बाथरूम स्वतः बघून घ्या.

जेवायला ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या बाजूला जा. तिथल्या मुस्लिम खानावळींत मटण-चिकन सहसा हलालच असतं, तरी मालकाला सरळ विचारा, कुणी वाईट मानत नाही. भिंतीवरचा एफएसएसएआयचा परवाना अन्नसुरक्षेचा असतो, हलालचा नव्हे. हलालचं प्रमाणपत्र खासगी संस्था देतात आणि छोट्या खानावळींकडे ते बहुधा नसतं. तिथे माणसाच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो.

नमाजासाठी किब्ला इथून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. रमजानात येत असाल तर सहरीसाठी पहाटे दार उघडतील का, हे खोली घेतानाच ठरवून घ्या.

आणि दर्ग्यात जाल तेव्हा किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीपाशी थोडं थांबा.